हातचं राखून

हमेद-एलाच्या दवाखान्यात थर्मामीटर दोनच.
एक भिंतीवरचा, उन्हाचा.
तो दुपारी सत्तेचाळीसवर जातो
आणि तिथंच बसून राहतो, हट्टी पाहुण्यासारखा.
दुसरा माझ्या खिशात, माणसांचा.
तो सदतीसच्या आसपास घुटमळतो,
मग समोर उंट हाकणारा हिलुफ असो,
चहा विकणारी मोमिना,
की मिठाच्या तळ्यावर लाद्या तोडणारा कदाफो.

सहा वर्षं लिहितेय या वहीत:
तारीख, नाव, ताप, सही किंवा अंगठा.
बाहेरचा आकडा रोज वेगळा.
आतला तोच.
मधे काय, तर एक कातडी,
कांदा चिरायच्या सुरीनंही फाटेल अशी.

कदाफोला एकदा विचारलं होतं,
एवढं मीठ तोडतोस, घरी किती नेतोस?
हसला. शर्ट वर करून पाठ दाखवली:
वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा, एकीत एक,
ओहोटी वाळूवर सोडून जाते तशा.
"नेतो कसला, लेताय. उलट माझंच तिथं ठेवून येतो."

इथं समुद्र होता म्हणतात.
तो गेला, मीठ मागं राहिलं.
थोडा आमच्यातही राहिला असावा,
कारण रक्तात त्याचं माप ठरलेलं:
चिमूटभर वाढलं की तहान,
चिमूटभर घटलं की पोटऱ्यांत गोळे.
कमरेच्या वर, पाठीकडे,
मुठीएवढे दोन कारकून बसलेत.
तेच पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा मोजतात,
घोट जमा, थेंब खर्च,
आणि टंचाईत असे चिकट होतात
की लघवी मोमिनाच्या चहासारखी काळपट.
खाल्ल्या मिठाला इतकं जागणारं
मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

शरीर हातचं राखून चालतं, हे मला ठाऊक होतं.
हातचं संपतं, हे पुस्तकात होतं.

त्या मंगळवारी त्याला उंटावरून आणलं,
लाद्या बांधतात त्याच दोरीनं बांधून.
आईशी बोलत होता. आई जाऊन नऊ वर्षं झालेली.
अंग तव्यासारखं, आणि कोरडं.
तापाला नाही, मी त्या कोरडेपणाला घाबरले.
खिशातला थर्मामीटर चढत गेला,
चाळीस, एकेचाळीस,
भिंतीवरच्याला गाठायला निघाल्यासारखा.

मग त्याच्या शरीराचं काम
मी हातांनी करायला बसले.
ओल्या चादरी. काखेत, मानेवर, जांघांत ओली फडकी.
सलाईन, पण घाई नको, थेंब मोजून.
हिलुफ पुठ्ठ्यानं वारा घालत होता,
त्याचे हात भरून आले तेव्हा त्याचा मुलगा बसला,
मग दुकान तसंच उघडं टाकून मोमिना.
चौघं मिळून आम्ही
एका माणसाची कातडी झालो होतो
आणि पुरे पडत नव्हतो.

रात्री दोनच्या सुमाराला
त्याच्या वरच्या ओठावर काहीतरी चमकलं.
कंदील जवळ नेला.
मोहरीएवढा एक थेंब.
मग शेजारी दुसरा. मग कपाळभर.
आम्ही भीतीनं म्हणतो, घाम फुटला.
त्या रात्री मोमिना हेच ओरडली, दारात जाऊन, झोपलेल्या उंटांना.
मी बोट लावून जिभेवर ठेवलं.
नर्सनं असं करू नये.
खारट होता.

सातव्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन दारात उभा.
एकदा असं झालं की पुढच्या वेळी लवकर होतं,
हे मी त्याला त्याच्या भाषेत, माझ्या भाषेत, हातवारे करून सांगितलं.
त्यानं ऐकून घेतलं.
म्हणाला, घरी पाच तोंडं आहेत, त्यांचंही माप ठरलेलंच.
मग स्वतःच तोंड उघडून जीभ वर केली.
काच ठेवली. थांबले.
सदतीस पूर्णांक एक.

वहीत लिहिलं. त्यानं अंगठा उठवला.
आत किती उरलंय, त्याला वहीत रकाना नाही.
सकाळचे सात वाजले होते.
भिंतीवरचा एकोणचाळीस दाखवत होता.